त्रेसष्ट टॉवेलांचा एकांत

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकतीस वर्षं टॉवेलांच्या मागांपुढे उभं राहून मडिवाळप्पाच्या कानांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन वर्षं ऐकू येईल. दुसरा कुणी देवाधर्माला लागला असता. मडिवाळप्पाने ठरवलं, बहिरं होण्याआधी एकदा संपूर्ण शांतता ऐकायची. बहिरं झाल्यावर तीच फुकट मिळणार आहे, हे सांगायचं धाडस त्याच्या बायकोला, दानम्मालाही झालं नाही.

मोबाइलवर त्याने कच्छचा किनारा पाहिला होता. एकीकडे वाळवंट, एकीकडे समुद्र, मध्ये चिटपाखरू नाही. एकट्याने वल्हवायची अरुंद कयाक त्याने घेतली आणि दर सुट्टीला जेऊरला उतरून, मोटारपंपांच्या धडधडाटात उजनी धरणाच्या पाण्यात सराव केला.

निघायच्या दिवशी घोटाळा झाला. आपल्याकडे माणूस लांब निघाला की टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार होणारच. गल्ली आली, कारखाना आला, उजनीचे मासेमारही आले. त्रेसष्ट टॉवेल जमले, त्यातले निम्मे त्यानेच विणलेले.

"घरी ठेवून जातो," तो म्हणाला.

"आहेर असा टाकून जात्यात व्हय?" दानम्माने दटावलं.

सगळा आहेर कयाकमध्ये कोंबला गेला. वाटेसाठीच्या कडक भाकरींना जागा उरली नाही, त्या मांडीवर आल्या.

ट्रकने कच्छला पोचून किनाऱ्यालगत नऊ दिवस तो बेताने वल्हवत राहिला. दहाव्या दिवशी लाट आत शिरली, टॉवेल पाणी प्याले आणि कयाक गाभण म्हशीसारखी बसली. कसाबसा काठ गाठून त्याने सगळे टॉवेल वाळूवर वाळत घातले. चिटपाखरू नसलेल्या त्या किनाऱ्यावर तासाभरात बावन्न माणसं आणि अकरा उंट जमले. त्यांना वाटलं, बाजार भरला.

आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? मडिवाळप्पाने एकेकाला उभं करून टॉवेल-टोपी-नारळ दिला. मग उंटांचाही सत्कार झाला. मंडळी खूश होऊन गेली.

आता तो खरोखर एकटा होता. ओहोटीने समुद्र लांब गेलेला, वारा पडलेला. तो डोळे मिटून बसला. आणि कानांत खटाक-खटाक, खटाक-खटाक, एकतीस वर्षांचे माग चालूच होते. त्याला रडू कोसळलं.

टेकाडावर चढून, रेंज मिळताच त्याने दानम्माला फोन लावला.

"शांतता न्हाय गं गावली. माग कानातच हायत. बहिरा झालो तरी ऱ्हाणार."

ती म्हणाली, "दोन वरसं ऐकू येणार तुमाला. त्यात कायबी न ऐकायला तुमी इतक्या लांब गेला. मी हितं कुणासंगं बोलू?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने फोन कानाला घट्ट दाबला.

"बोल की," तो म्हणाला. "कायबी बोल."

चार दिवस नळाला पाणी नाही, इथपासून दानम्माने सुरुवात केली.