कनवटीची सुपारी

शिवकुमार कानडी राजधानीत, शिवाजीनगरातल्या कारखान्यात, मोटारींची सीट कव्हरं शिवतो. निपाणी सोडली तेव्हा तो बाविशीत होता. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं होतं, की मला बाईची ओढ नाही, तुमच्या पोरीचं वाटोळं करू नका. थोरल्या भावानं त्याच दिवशी घराबाहेर काढलं. पहिला हिवाळा कारखान्यातल्या रेक्झिनच्या गुंडाळ्यांवर गेला. अंगाखाली ते गार लागे, मग आपल्याच उबेनं हळूहळू गरम होई.

पुढं बिंदुमाधव भेटला. त्याच शहरात, जयनगरात बँकेत कारकून. दोघं एकत्र राहू लागले. घरमालक विचारत तेव्हा दोघं चुलतभाऊ होत. घरं बदलली, ते नातं तेवढं सगळीकडं बरोबर नेलं.

आता शहराबाहेर देवनहळ्ळीला, प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटमध्ये, स्वतःचं घर झालं. वास्तुशांतीला निपाणीहून एकटी यल्लव्वाअक्का आली, त्याची थोरली बहीण. घरातली तीच काय ती फोन करायची. बिंदुमाधवबद्दल कधी विचारायची नाही.

"यजमानांच्या पत्नी?" गुरुजींनी विचारलं.

"नाहीत."

"मग कनवटीला सुपारी खोचा. तिच्या जागी सुपारी चालते."

त्याला ते ठाऊक होतं. कारखान्यातल्या प्रत्येक सत्यनारायणाला तो तशीच सुपारी खोचून बसला होता, आणि बिंदुमाधव मागं प्रसादाचा शिरा ढवळत असे. आत्ताही तो स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभा होता.

शिवकुमारनं सुपारी हातात घेतली. अक्का समोरच होती. ती उठून गेली, तर निपाणीचं शेवटचं माणूस तुटणार होतं. पण या भिंती त्याच्या होत्या, इथं कुणी मालक विचारायला येणार नव्हता. त्यानं सुपारी तबकात परत ठेवली.

"नको, गुरुजी. माझं माणूस घरात आहे. बिंदू, ये."

गुरुजींनी अक्काकडं पाहिलं. घरात वडीलधारी तीच.

अक्कानं बिंदुमाधवला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शर्टावरच बसणार हाईस व्हय रं?" ती म्हणाली. "उपरणं घे की. आन् त्याच्या उजवीकडं बस. एवढी वर्सं पूजा बघितली न्हाईस?"

"बघितली, अक्का. मागं उभा राहून."

"निपाणीत काय सांगायचं ते मी बघीन," ती शिवकुमारला म्हणाली. "त्ये तू मला शिकवू नगंस. सुरू करा, गुरुजी. शिरा गार होतोय."

गुरुजींनी घसा साफ केला. संकल्पाचं पाणी सोडायची वेळ आली, तसं ते सवयीनं म्हणाले, "हाताला हात लावा."

बिंदुमाधवच्या हाताला शिऱ्याचं तूप होतं. त्यानं तो तसाच शिवकुमारच्या उघड्या दंडाला लावला.