सत्यवती कोण?

आमची कुमुद निवांत बसलेली दिसली तर मी आधी तिच्या कपाळाला हात लावून बघेन, ताप आहे का म्हणून. नवीन पनवेलला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, दोघींच्या भागीदारीत. मी, म्हणजे आशालता, भाज्या बघते आणि गिऱ्हाइकांशी भांडते, पोळ्या तिच्या. सकाळी तळोज्याच्या कारखान्यांतले डबे, दुपारी ऑफिसवाले, संध्याकाळी सगळेच. तिचा नवरा काशीराम कारखान्याची बस चालवतो. त्याच्या पाळ्या उलट्यासुलट्या, त्यामुळे नवरा-बायकोची गाठ पडते ती बहुतेक फोनवरच.

अशा माणसांनी बँकेत खेटे घालायचे कधी? पण विचुंब्यातला एक फ्लॅट तिच्या मनात भरला होता. स्वयंपाकघराला चांगली मोठी खिडकी. भाडेकरार संपला की गाशा गुंडाळायचा, असं करत सगळा संसार झालेली बाई ती! बिल्डरनं महिनाअखेरपर्यंत शब्द दिला होता. तोवर कर्ज मंजूर झालं नाही तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार.

म्हणून फोनवरून सल्ला देणारी एक मुलगी गाठली, वल्लरी नावाची. सांगलीला स्वतःच्या घरी बसून ती लोकांची होम लोनं मार्गी लावते. फोन आम्ही पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचो. इकडे कुमुद लाटता लाटता बोलायची, तिकडे वल्लरीच्या मांडीवर तान्हं बाळ. "ताई, पोळी फुगली बघा," असं मध्येच तीच सांगायची. गुणी पोर!

त्या दिवशी काशीरामही फोनवर होता, पळस्प्याला बस बाजूला लावून. वल्लरी कागद चाळत म्हणाली, "सत्यवतीताई?"

"ओ!" कुमुद म्हणाली. आणि तिचं लाटणं तिथंच थांबलं.

मी म्हटलं, आता ही सत्यवती कोण?

तर ते कुमुदचं माहेरचं नाव. लग्नात बदललेलं. तिची आई तेवढी त्या नावानं हाक मारायची. आई गेल्यापासून कुणीच नाही. इतकी वर्षं एका ओट्याशी राबतोय आम्ही, आणि मला पत्ता नाही! रागच आला मला. पण तिचे डोळे भरले होते आणि हात पिठाचे, पुसायची पंचाईत. मग मीच पदरानं पुसले.

वल्लरीनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि नीट समजावलं. आधार कार्डावर कुमुद, पण लग्नाआधी काढलेल्या पॅन कार्डावर सत्यवती, आणि केंद्राची कमाई दिसते ती त्या पॅनवर. ती धरली नाही तर एकट्या काशीरामच्या पगारावर कर्ज बसत नाही. म्हणजे सगळे कागद एका नावावर आणायला हवेत.

"कुमुद केलं तर पटकन होईल," ती म्हणाली. "सत्यवती ठेवायचं तर राजपत्रात छापा, आधार बदला, महिनाभर तरी लांबेल. तुम्हाला कुठलं हवं, ताई?"

"त्यात विचारायचं काय? कुमुदच लिही. फ्लॅट हातचा जायला नको." असं म्हणाली खरी, पण कणकेचा गोळा इतका दाबला की पार चपटा झाला.

"थांबा जरा, मॅडम," काशीराम म्हणाला. "मी बिल्डरला इचारतो."

हा विचारणार? तोंडावरची माशी हलत नाही या माणसाच्या! म्हणून दुसऱ्या दिवशी मीही गेले, पदर खोचून, भांडायच्या तयारीनं. बिल्डर म्हणाला, "अहो, एका नावापायी फ्लॅट घालवताय? दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे माझ्या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काशीरामच बोलला. "साहेब, लग्नात ताटातल्या तांदळावर तिचं नवीन नाव मीच लिवलं, अंगठीनं. तिला कोनी इचारलंच नाय. काल त्या पोरीनं फोनवरून इचारलं, कुठलं हवं म्हणून. तवा मला समजलं. तुमी महिनाभर थांबा."

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बिल्डरनं हातातलं पेन खाली ठेवलं. त्याच्याही घरी कुणाचं तरी नाव बदललेलं असणारच की. "बरं, थांबतो," म्हणाला.

बाहेर येऊन काशीरामनं कुमुदला फोन लावला, स्पीकरवर. आधी नुसता घसा खाकरत राहिला. मग म्हणाला, "सत्यवती, थांबतोय तो."

पलीकडचा लाटण्याचा आवाज थांबला.

"अगं, ऐकलंस का? महिनाभर थांबतो म्हनाला."

"ते नाही हो," ती म्हणाली. "त्याच्या आधीचं परत म्हणा."