पलाघियाचं लाल पातेलं

दोरिनच्या पाहुणेघराच्या फाटकात बस थांबली की पहिला फोटो निघतो तो झाडाचा. झाड कसलं, सफरचंदाचं वाळलेलं खोड. पान नाही, फळ नाही, नुसत्या छाटलेल्या फांद्या आणि त्यांच्यावर उलटी टांगलेली इनॅमलची पातेली. निळी, पांढरी, तपकिरी आणि पार शेंड्यावर एक लाल. लोक उतरले की दोरिन आपलं पाठ केलेलं भाषण सुरू करतो. आमच्या या मारामुरेश प्रांतात ज्याच्या झाडाला पातेली जास्त त्याचं घर भरलेलं, आणि शेंड्यावर लाल दिसलं की समजायचं, घरात लग्नाची मुलगी आहे. मग कोणीतरी विचारतंच, "मुलगी कुठंय?" दोरिन त्याचीच वाट बघत असतो. स्वयंपाकघराच्या दाराकडे हात करून म्हणतो, "ती काय, माझी आत्या. बोला, कोणाला करायचीय? वर एक गाय देऊ."

लोक पोट धरून हसतात. पलाघिया दारात उभी असते, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात टकळी, वय सत्तावन्न. तीही हसते. दोरिनने तिला हसायला सांगून ठेवलेलं आहे.

या इझा नदीच्या खोऱ्यात बघण्यासारखं नाही असं कोण म्हणतंय? लाकडी चर्चचं टोक ढगात घुसलेलं, फाटकांवर कोरलेले सूर्य आणि दोर, उतारावर गवताच्या गंजीच गंजी. लोक विमानात बसून वाळतं गवत बघायला येतात, आता बोला. ते गवत कापताना ज्यांच्या कंबरा गेल्या, त्यांना कोणी विचारत नाही. पलाघियाच्या आईची कंबर तर गवतानेच मोडली. चौऱ्याऐंशी साली भरल्या गाडीवरून ती खाली आली आणि पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली नाही. तिला मागच्या खोलीत झोपवलं. त्या खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसे, चर्चचं टोक दिसे. अंगणातलं झाड दिसत नसे.

पलाघिया तेव्हा अठराची. धाकटा भाऊ गाव्रिला बारा वर्षांचा. बाप तोदेर लाकडं तोडायला रानात. म्हणजे आईला उचलायचं, कुशीवर वळवायचं, धुवायचं, भरवायचं ते पलाघियानेच. त्यातून वेळ काढून तिने आपली लग्नाची घोंगडी विणली. चौदा विणली. लोकर स्वतः कातली, स्वतः रंगवली, आणि एकेक घोंगडं ओढ्याचं पाणी जोरात पडून भोवरा होतो त्या फळ्यांच्या मोठ्या पिंपात घुसळून धुतलं. पुढच्या खोलीत उश्या आणि घोंगड्यांची थप्पी आढ्याला टेकली. आता फक्त लाल पातेलं टांगायचं बाकी होतं.

ते बापाने टांगायचं असतं. मुलीने स्वतः मागायचं नसतं, हातही लावायचा नसतो. कोणाचं उसनं आणलेलं चालत नाही, कोरंच लागतं. आणि त्या दिवसांत कोरं म्हणजे काय ते आमच्या पिढीला विचारा. सहकारी दुकानात मिळायचं काय, तर मेणबत्त्या, लोणच्याच्या बरण्या आणि दुकानदाराचं आंबट तोंड. काही बरं आलंच तर तो ते फळीखाली लपवायचा आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाचं नाव पेन्सिलीने त्यावर लिहून ठेवायचा. तोदेर दुकानातून आला की पलाघिया त्याच्या पिशवीकडे बघायची. तोंडाने काही विचारायची नाही. त्याला कळायचं.

"लाल आलं नाही," तो म्हणायचा. "सगळा चांगला माल परदेशी जातो. निळी आहेत. निळं घेऊन काय करू?"

तिने विश्वास ठेवला, आणि का ठेवू नये? साखर आली नाही, तेल आलं नाही, बल्ब आला नाही. अख्खा देश 'आलं नाही' यावर दिवस काढत होता. शेजारच्या अनुत्साच्या झाडावर लाल झळकलं तेव्हा पलाघिया कुंपणापाशी उभी राहून बघत राहिली, पण ते अनुत्साच्या मावशीने शहरातून मिळवलेलं होतं. पलाघियाला शहरात कोणी मावशी नव्हती.

नदीपलीकडचा सिमियोन दर रविवारी चर्चमधून परतताना आईला घेऊन मुद्दाम यांच्या फाटकावरून जायचा. उंच, जरा लाजरा, मनाने चांगला मुलगा. त्याची आई मान वर करून शेंडा बघायची. बाई मानी होती. ज्या घराने निशाण लावलं नाही, त्या घरी पोरगी मागायला गेलं आणि नाही म्हणाले तर तोंड कुठे लपवायचं? तीन शरद ऋतू ती मायलेकरं तिथून गेली. चौथ्या शरदात सिमियोनचं लग्न दुसऱ्या गावच्या मुलीशी झालं. पलाघियाने त्या लग्नात पाव वाढला.

आई मात्र दर रविवारी विचारायची, "कोणी आलं होतं का गं?"

"कोण येणार, आई? थंडी पडलीय. झोप तू."

मग आई भिंतीकडे तोंड करायची. जायच्या चार दिवस आधी ती पलाघियाचा हात धरून म्हणाली, "माझ्या पोरीत काय कमी होतं म्हणून कोणाच्या नजरेत भरली नाही?" पलाघिया तेव्हा पंचवीसची होती. सात वर्षं जिची सेवा केली तिने जाता जाता हे बोलावं. लोकांनी बोललेलं माणूस विसरतं. हे ती विसरली नाही. त्यानंतर तिने आरशात बघणंच सोडलं.

पुढे गाव्रिलाचं लग्न झालं, नस्ताका घरात आली, तिची बाळंतपणं झाली, बापाला अर्धांगवायू झाला. पुन्हा उचलणं, वळवणं. तो गेला तोवर पलाघिया बत्तीस वर्षांची झाली, आणि बत्तीस वर्षांच्या मुलीसाठी झाडावर काही टांगत नाहीत. कोणी विषयही काढला नाही. पुढे भाचा दोरिन मोठा झाला, त्याने वरचा मजला चढवला, पाहुणेघर काढलं. पलाघियाची चौदाही घोंगडी आता पाहुण्यांच्या पलंगांवर असतात. लोक म्हणतात, काय सुंदर काम आहे, आणि सकाळी त्यांवर कॉफी सांडून ठेवतात. धुवायला पुन्हा ओढ्यावर हीच.

एकदा कोणाच्याशा लग्नात सिमियोन भेटला. केस पांढरे झालेले, बायको शेजारी. दोन पेले प्लमची दारू पोटात गेल्यावर तो म्हणाला, "पलाघिया, तुमच्या झाडाकडे बघून बघून माझ्या मानेत उसण भरली होती गं. अजून दुखते थंडीत." त्याची बायको हसली. पलाघियाही हसली. "मग मान तरी चांगली शेकून घ्यायचीस," म्हणाली. घरी येऊन मात्र तिने गाईच्या अंगाला डोकं टेकून रडून घेतलं.

गेल्या सप्टेंबरात शनिवारी जर्मन लोकांची मोठी बस यायची होती. बुधवारी दोरिन म्हणाला, "आत्या, पातेल्यांवर पाखरांनी घाण केलीय. जरा घासून देता?" त्याने शिडी लावून सगळी खाली काढून दिली. पलाघिया विहिरीपाशी राख घेऊन बसली. लाल हातात आलं तेव्हा तिने ते उलथं करून आत बघितलं. उलटं टांगलेलं, त्यामुळे आत पाऊस गेलेला नव्हता. तळाशी दुकानाची कागदी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. छापील अक्षरात साल, १९८६. त्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, तोदेर.

तिने त्या नावावरून बोट फिरवलं. मग हाक मारली, "दोरिन, हे लाल कुठल्या बाजारातून आणलंस?"

"ते बाजारातलं नाही. माळ्यावर होतं, आजोबांच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळलेलं. अगदी कोरं. का, टवका गेलाय?"

"नाही. टवका नाही गेला."

गाव्रिला बाहेरच्या चुलीपाशी बसून मुरंब्यासाठी प्लमच्या बिया काढत होता. शेजारी नस्ताका कढई ढवळत होती. पलाघियाने पातेलं त्या प्लममध्येच ठेवलं. गाव्रिलाने ते पाहिलं आणि चाकू खाली ठेवला. तेवढ्यावरून तिला कळलं, याला माहीत आहे.

"कोणी आणलं?"

"मी," तो म्हणाला. "आईने पाठवलं होतं. अंड्यांचे पैसे साठवले होते तिने. दुकानदाराला निरोप धाडून बाजूला ठेवायला लावलं. मला म्हणाली, आण आणि बाबांच्या हातात दे."

"मग?"

"दिलं. बाबा म्हणाले, माळ्यावर ठेव. ही गेली तर हिच्या आईला कोण वळवणार, तू वळवशील?"

"आणि आईला काय सांगितलंत?"

गाव्रिला बोटांचा रस पुसत राहिला. "टांगलंय म्हणून सांगितलं."

पातेल्याचं जाऊ दे, सिमियोनचंही जाऊ दे. सात वर्षं ती बाई त्या खोलीत पडून होती, त्यातली शेवटची पाच झाडावर लाल आहे असं समजून. कोणी आलं होतं का गं, हे ती त्यासाठी विचारत होती. आणि कोणीच येईना म्हणून, आपल्या लेकीला कोणी पसंत करत नाही या दुःखात ती मेली. पलाघियाने बत्तीस वर्षं आईवर राग धरला होता.

"मी चौदा वर्षांचा होतो," गाव्रिला म्हणाला. "मला काय अक्कल होती?"

"चौदाव्या वर्षी नव्हती. चाळिसाव्या वर्षी आली होती ना?"

त्याने पुन्हा चाकू उचलला. नस्ताकाने कढईतला चमचा काढला. "वन्सं, झालं गेलं. मेलेल्यांना बोल लावून काय मिळायचं? आणि इथे तुम्हाला कमी तरी काय पडलं?"

"मेलेल्यांना नाही बोलत मी, नस्ताका. हा जिवंत बसलाय माझ्यासमोर. जेवतोय माझ्या हातचं."

आवाज ऐकून दोरिन आला. त्याला कोणी धड काही सांगितलं नाही, त्यानेही खोदून विचारलं नाही. पलाघिया त्याच्याकडे वळली. "मला या घरात आजवर काही मागायचं नव्हतं. आता एकच मागते. लाल काही त्या झाडावर चढायचं नाही, आणि पाहुण्यांपुढे माझं नाव घ्यायचं नाही."

"आत्या, असं काय करता? लोक त्याच फोटोवरून बुकिंग करतात. शेंडा बोडका ठेवून कसं चालेल? आणि तुम्हीच तर तीन वर्षं हसत होतात."

"हसत होते," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तेव्हा खरंच आलं नव्हतं."

ती पातेलं घेऊन निघून गेली. चिठ्ठी नखाने सोडवून तिने आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली, आणि पातेल्यात डुकरांचे बटाटे शिजायला लावले. तासाभरात त्याचं बूड काळं झालं. दुसऱ्या दिवशी ती चर्चमागच्या दफनभूमीत गेली. एक परदेशी जोडपं लाकडी शिखराचे फोटो काढत होतं. त्यांच्यादेखत ती आईच्या क्रुसापाशी मोठ्याने म्हणाली, "टांगलं नव्हतं गं. तुझ्या पोरीत काही कमी नव्हतं. टांगलंच नव्हतं." त्या बाईला वाटलं, ही प्रार्थना म्हणतेय. तिने अदबीने कॅमेरा खाली घेतला.

शुक्रवारी दुपारी दोरिनची गाडी बाजारातून परत आली. पलाघिया अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. त्याने मागचं दार उघडलं आणि वर्तमानपत्रात बांधलेली एकात एक बसवलेली पातेली काढली. लाल, कोरी, तीन. तिच्याकडे न बघता तो शिडीकडे गेला.

"मिळालं का रे लाल?" पलाघियाने विचारलं.

तिचा राग गेला असं वाटून त्याचा चेहरा उजळला. "मिळालं की. तीन आणली, एखाद्याचा टवका गेला तर हाताशी असावं म्हणून. ढीग पडलाय, आत्या, तिथे. कोणी विचारत नाही."

शनिवारी अकराला बस आली. झाडाचे फोटो निघाले, दोरिनने भाषण केलं, एका म्हाताऱ्या जर्मनाने विचारलं, मुलगी कुठंय. स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं. दोरिनने दाराकडे हात केला आणि म्हणाला, "लाजतेय."