पेटीचा ड्रायव्हर

आमच्या स्टुडिओत एक लाकडी खोका आहे. तुटलेल्या वायरी, एकाच कानात वाजणारे हेडफोन, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या पिना, सगळं त्यात. एक वायर ओढली की गुंतलेल्या चार बाहेर येतात. किस्स्यांचंही तसंच. मी फार बोलणारा माणूस नाही. पण कोणी विचारलं, "काय बे गजू, त्या पेटीचं काय झालं होतं?" की एक सांगता सांगता सगळेच निघतात, आणि मला ते परत खोक्यात कोंबता येत नाहीत.

* * *

स्टुडिओ मेहकरात, पिठाच्या गिरणीच्या वर. मालक प्रल्हाददादा. त्यांचा आधी मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. मी नववीत शाळा सोडली आणि त्यांच्याकडे वायरी गुंडाळायला लागलो. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा दादा म्हणाले, "तू माणसाशी बोलत नाहीस. तुह्यं मशीनशी जमते का पाहू." जमलं.

आमच्याकडे गाणारे कमी येतात. प्रचाराच्या रिक्षा, भाजीच्या गाड्या, हरवलेला बैल, जयंतीची मिरवणूक, यांचे आवाज आम्ही भरतो. अडचण एकच. लाइट असली की खाली गिरणी चालू. गिरणी बंद म्हणजे लाइट गेलेली. मग कॉम्प्युटरही बंद. म्हणजे रेकॉर्डिंगला चांगली शांतता असते तेव्हा रेकॉर्डिंग करता येत नाही.

एकदा सरपंचपदाच्या एका उमेदवाराला फार घाई होती. गिरणी चालू असतानाच त्यांचं भाषण भरलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा गावात फिरली. संध्याकाळी उमेदवार परत आले.

मी विचारलं, "काही चुकलं का?"

"भाषण चांगलं झालं," ते म्हणाले. "पण रिक्षाच्या मागं दोन बाया दळणाचे डबे घेऊन आल्या!"

* * *

त्यानंतर दादांनी मनावर घेतलं. अकोल्यात एक स्टुडिओ बंद होत होता. तिथून त्यांनी एक जुनी पेटी आणली. चपटी, पुढे दोन बटणं फिरवायची, मागे वायर. माइक त्या पेटीत लावायचा आणि पेटी कॉम्प्युटरला. आवाज असा स्वच्छ येतो म्हणे, की गिरणी तेवढी ऐकू येत नाही.

पेटी आली गुरुवारी. त्याच दिवशी शेषरावकाका जिना चढून आले.

शेषरावकाका म्हणजे जीपस्टँडजवळ हातगाडीवर भाजी विकणारे. त्यांची हाळी आमच्या गिरणीच्या आवाजाच्याही वर ऐकू यायची. पण महिना झाला, आवाज फाटला होता. ते बाकावर बसले, पाणी प्यायले आणि हळू बोलले.

"मंगळवारी अकोल्याले ऑपरेशन हाये. डॉक्टर म्हणते, घशातली आवाजाची पेटी काढा लागते. मंग बोलणं बंद. म्हणून म्हटलं, सोमवारपर्यंत माही हाळी भरून घ्या. गाडीवर लावतो."

दादांनी नव्या पेटीकडे बोट दाखवलं. मी पेटी कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. शब्दकोश काढून मी अर्थ लावला: यंत्र सापडले नाही.

"सापडलं नाही म्हणते," मी म्हणालो.

शेषरावकाका उठले, पेटीवर हात ठेवला आणि कॉम्प्युटरला म्हणाले, "हे काय बे! समोर तं हाये!"

* * *

ज्यांच्याकडून पेटी घेतली त्या अकोल्याच्या माणसाला मी फोन केला. तो म्हणाला, "ड्रायव्हर पाहिजे. ड्रायव्हरशिवाय ती चालणार नाही." सीडी त्याच्याकडून हरवली होती.

दादा तेव्हा खाली गिरणीवाल्याशी बोलत होते. मी जिन्यावरून फक्त एवढंच सांगितलं, "दादा, ड्रायव्हर लागते."

त्यात माझी चूक आहे. अजून दोन शब्द बोलायला काय झालं होतं!

शुक्रवारी सकाळी बबनभाऊ हजर. बबनभाऊ मेहकर ते दुसरबीड काळीपिवळी जीप चालवतो. आंघोळ करून, केसाला तेल लावून आला होता. बाकावर बसला. मला वाटलं, दादांकडे आला असेल. त्याला वाटलं, मी तयारी करतोय. तासाभराने तो म्हणाला, "गजू, निघाचं का?"

"कुठं?"

"ते मले काय माहीत? दादा म्हणे, पेटी चालवाची हाये."

मी त्याला पेटी दाखवली. तो तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"एवढीशी?" तो म्हणाला. "हिले तं क्लीनरनंही चालवली असती."

* * *

मग मी त्याला नीट समजावून सांगितलं, की हा ड्रायव्हर माणूस नसतो, तो कॉम्प्युटरमध्ये भरायचा असतो, आणि पेटी म्हणते ते हा कॉम्प्युटरला कळवतो. बबनभाऊने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तो काही चालवत नाही. नुस्ता मधात बसून इकडचं तिकडं सांगते," तो म्हणाला. "तो कंडक्टर झाला ना मंग!"

शनिवारी मी नेट कॅफेत बसलो. ड्रायव्हर हळूहळू उतरत होता. थोडासाच राहिला आणि लाइट गेली. आली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी कॅफेवाल्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

शेषरावकाका रोज दोनदा जिना चढत होते. आवाज सकाळपेक्षा संध्याकाळी कमी असायचा. दारातूनच विचारायचे, "ड्रायव्हर आला का बे?" मी नाही म्हणून मान हलवायचो. शनिवारी संध्याकाळी ते म्हणाले, "काय गंमत हाये पाय. तिकडं एक पेटी निघून राह्यली, आन् इकडं तुमची बसून नाही राह्यली."

कोणी हसलं नाही. मग तेच हसले.

बबनभाऊ तिथेच होता. तो म्हणाला, "बुलढाण्याले लाइट असते. कलेक्टर असते तिथं. मी जातो."

रविवारी त्याने दुसरबीडची फेरी सोडली आणि बुलढाण्याला गेला. मी कागदावर पेटीचं नाव लिहून दिलं होतं. तिथल्या कॅफेवाल्याने ड्रायव्हर उतरवून सीडीवर भरून दिला. खिशात मोडेल म्हणून बबनभाऊने ती सीडी जीपच्या आरशाला, लिंबू-मिरच्यांच्या शेजारी दोऱ्याने बांधली. वाटेत बसलेल्या एका बाईने तिच्यात पाहून कुंकू नीट केलं.

* * *

सोमवार उजाडला. दहा वाजता सगळे जमले. दादांनी नारळ आणला होता. पेटीला हार घातला. कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली. मग सीडीला हळदकुंकू लावलं, चकचकीत बाजूने, कारण तीच बाजू त्यांना देवासमोर ठेवण्यासारखी वाटली.

सीडी आत टाकली. कॉम्प्युटरने खर्र खर्र केलं आणि ती बाहेर काढून दिली.

दादा म्हणाले, "प्रसाद घेतला वाटते."

मी सीडी शर्टाने पुसली. पुन्हा टाकली. आत बराच वेळ काहीतरी चाललं. कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं, तेही केलं. मग पेटीवर हिरवा दिवा लागला. आवाजाची रेघ हलते का पाहावं म्हणून मी रेकॉर्डचं बटण दाबलं. तेवढ्यात शेषरावकाकांनी माइकवर वाकून विचारलं,

"ड्रायव्हर आला का बे?"

पडद्यावर हिरवी रेघ उसळली. तो त्यांचा आवाज होता. मी रेघेकडे बोट दाखवलं. काका वाकून पाहत राहिले.

"एवढासाच राह्यला काय," ते म्हणाले.

* * *

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी सुरुवात केली, "मेथी घ्या, पालक घ्या," आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले.

दादांनी विचारलं, "काऊन थांबून राह्यले, शेषरावभाऊ?"

"तो बोलून राह्यला ना. त्याचं होऊ द्या पहिले."

त्यांचाच आवाज त्यांना मागून ऐकू येत होता. काका म्हणाले, "इतके वर्षं वरडलो, मागून साथ कोणी देल्ली नव्हती."

अकोल्याला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "सोपं आहे. बफर कमी करा."

दादा गोंधळले. आमच्याकडे लग्नात उभ्याने जेवतात त्याला बफर म्हणतात.

"बफर ठेवलाच नाही," दादा म्हणाले. "आम्ही चार-पाचच माणसं हाओत. डबा घरून येते."

पलीकडून नुसतं "हॅलो, हॅलो" ऐकू आलं. मग मीच पडद्यावर पेटीची खिडकी उघडली आणि बफर लिहिलं होतं तिथला मोठा आकडा काढून लहान आकडा टाकला. मागचा शेषराव पुढच्या शेषरावात मिसळून गेला.

* * *

आता हाळी भरायची, तर काकांचा आवाज निघेना. म्हणजे घसा चालत होता, पण हाळी येईना.

"गोणपाटाले काय मेथी विकू?" आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या गोणपाटाकडे पाहून ते म्हणाले. "गिऱ्हाईक पायजे समोर."

सोबत त्यांच्या पत्नी सुमनकाकू आल्या होत्या. दादा म्हणाले, "वहिनी, तुम्ही घ्या भाजी."

"मी यांच्यापासून कधीच भाजी विकत घेतली नाही," काकू म्हणाल्या. "मले भाव करता येत नाही."

खाली गिरणी चालू होती. दादा उतरले आणि गिरणीवाल्याला विनंती केली. तो म्हणाला, "डब्यांची लाइन लागून हाये, बंद कशी करू?" लाइनीतल्या बायांनी विचारलं, कोणाचं रेकॉर्डिंग? शेषरावचं म्हटल्यावर एकीने स्वतःच गिरणीचा पट्टा उतरवायला सांगितला. दोघी तर वर आल्या. पीठ लागलेले हात कमरेवर ठेवून काकांसमोर उभ्या राहिल्या.

"कशी देल्ली मेथी?"

काकांची मान ताठ झाली. मग काय विचारता! "मेथी घ्या, पालक घ्या, सांबार घ्याऽऽ" असा आवाज निघाला की पडद्यावरची हिरवी रेघ लाल झाली. त्या बायांनी भाव पाडला. काकांनी "नाही परवडत, बाई" म्हटलं. त्यांनी पानं पिवळी आहेत म्हटलं. काका चिडले, "सकाळीच तोडली हाये!" शेवटी "घ्या, सांबार वरून देल्ला," म्हणजे कोथिंबीर फुकट, इथपर्यंत सौदा आला. मी सगळं भरून घेतलं.

काकांच्या गाडीवर लावायच्या स्पीकरला नऊ बटणं होती, एक दाबलं की एक वाक्य वाजायचं. आठ भरली. दादा म्हणाले, "नववं घरच्यासाठी ठेवा. वहिनींशी बोला काही."

काका काकूंकडे पाहू लागले.

"ते नका भरू," काकू म्हणाल्या. "याहिचं मले न बोलताच समजते."

नववं रिकामं राहिलं. तेवढ्यात त्या दोघींपैकी एकीने पिशवी पुढे केली आणि विचारलं, "आता द्या ना मेथी. कुठं हाये?"

* * *

दीड-दोन महिन्यांनी शेषरावकाका परत गाडीवर आले. गळ्यात पांढरा रुमाल. बोलणं बंद. बटणं मात्र चालू. बायका भाव पाडायला लागल्या की ते तीन दाबायचे: "नाही परवडत, बाई!" फार ताणलं की चार: "सकाळीच तोडली हाये!" शेवटी पाच दाबून कोथिंबीर द्यायचे. एक बाई मला म्हणाली, "पहिले थोडं ऐकत तरी होते. आता एक शब्द इकडचा तिकडं करत नाहीत."

फक्त एक घोटाळा माझ्याकडून राहिला होता. रेकॉर्डिंगमधलं अगदी पहिलं वाक्य पहिल्या बटणावर गेलं होतं. मी काकांना म्हणालो, "काका, एक नंबरचं काढून टाकतो. ते चुकून भरल्या गेलं."

काकांनी माझा हात धरला आणि नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर एका दुपारी मी जीपस्टँडवर गेलो. दुसरबीडची जीप खचाखच भरली होती. टपावर दोघे. उन्हात माणसं घामेजली होती आणि बबनभाऊचा पत्ता नव्हता. तो पानठेल्यामागे गप्पा हाणत होता. जीपमधली एक म्हातारी डोकं बाहेर काढून काकांना म्हणाली, "शेषराव, दाब ना बाप्पा एकडाव."

काकांनी गाडीवरची मेथी नीट केली. पाण्याचा हात मारला. मग एक नंबर दाबला. पूर्ण स्टँडवर तो जुना, सर्दी झाल्यासारखा आवाज घुमला.

"ड्रायव्हर आला का बे?"

पानठेल्यामागून बबनभाऊ अर्ध्या पानासकट धावत सुटला. एका हाताने चप्पल सावरत, दुसरा वर करून ओरडत,

"आलो ना, काका! आलो! एवढ्या जोरात काऊन बोलून राह्यले?"