दारू पिऊन गाडी चालवली आणि व्हिसाच गेला

मंडळी, अजून विश्वास बसत नाहीये.

माझा चुलतभाऊ योगेश अमेरिकेत नोकरीला आहे. बहिणीच्या लग्नासाठी एकटाच शिरपूरला आला होता. आज परत निघाला, तर मुंबई विमानतळावर त्याला अडवलं. व्हिसा रद्द!

फोनवर त्याने रडत खरं सांगितलं. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं होतं. केसचा निकालही लागलेला नाही, पण व्हिसा आधीच गेला.

योगेशचे वडील नाना सुन्न झाले. म्हणाले, "बायको-पोर तठे नि तू आठे! आते कसं व्हई रे?"

योगेशची चार वर्षांची मुलगी परी तिकडे पप्पांची वाट बघतेय. तिला काय सांगायचं? तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का?