शक्यता कमी

माझ्या घरी अजूनही सगळ्यांना वाटतं, की मी कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर नोंदी करते. आई गडहिंग्लजच्या बाजारात भेटणाऱ्या बायकांना तसंच सांगते. मावशीच्या पोराचा कुठला दाखला अडला, की फोन मला येतो. "तू हायस की तिथं. बघ जरा कुणाला तरी सांगून." मी हो म्हणते. दुसऱ्या दिवशी काहीतरी कारण सांगते.

खरं काय ते सांगायची मुभा नव्हती, आजही नाही. आम्ही अकरा जण होतो. सरकारच्या गुप्तवार्तेच्या कामासाठी विश्लेषक म्हणून निवडलेले. लोकांना वाटतं, या कामात वेश बदलून कुणाच्या तरी मागं फिरायचं असतं. आम्ही बसून वाचायचो. फोनवर बोलायचो, कागद जुळवायचो आणि जिल्ह्यात पुढच्या आठवड्यात कुठं काय बिघडू शकतं, ते एका पानात लिहायचो. हे लिहायचं कसं, त्याचं आमचं सहा महिन्यांचं शिक्षण चाललं होतं. शहरातल्या एका जुन्या सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर वर्ग. दाराशी एक लाकडी पेटी. आत जाताना सगळ्यांनी आपले फोन त्या पेटीत टाकायचे, चहाच्या सुट्टीत परत घ्यायचे.

शिकवणारे सर निवृत्त अधिकारी होते. अंगानं काटकुळे, आवाज बारीक, हातात कायम लाल पेन. माहिती देणाऱ्या माणसाला एक अक्षर द्यायचं आणि त्याच्या माहितीला एक आकडा, हे त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. माणूस किती भरवशाचा ते अक्षरावरून कळायचं, माहिती किती खरी ते आकड्यावरून. आणि पानाच्या शेवटी तीनपैकी एकच शब्द लिहायचा. शक्यता कमी, शक्यता आहे, किंवा दाट शक्यता. चौथा शब्द नाही.

दुसऱ्या महिन्यात मी एकदा 'दाट शक्यता' लिहिलं होतं. एका गावात मिरवणुकीच्या वाटेवरून भांडण होतं आणि मला खरंच भीती वाटली होती. दोन गाड्या भरून बंदोबस्त गेला. मिरवणूक शांतपणे पार पडली, गावानं पोलिसांनाच प्रसाद वाढला. सरांनी माझं पान वर्गात वाचून दाखवलं. "इतकी माणसं दिवसभर उन्हात उभी राहिली, ती तुमच्या भीतीमुळं," ते म्हणाले. "भीती ही माहिती नव्हे." सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून लिहिताना माझा हात आखडायला लागला.

प्रत्येक गावाला एक पोलीस पाटील असतो. तो पोलीस नसतो, गावातलाच माणूस. गावात काही वेडंवाकडं घडायला लागलं, की वर कळवणं हे त्याचं काम. सरावासाठी आम्हाला काही गावं वाटून दिली होती आणि तिथल्या पोलीस पाटलांना दर आठवड्याला फोन करायचा होता. माझ्याकडच्या गावांत बिद्रीच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर लागणारं एक गाव होतं. तिथले पाटील साठीच्या आसपासचे. आवाज घोगरा, बोलणं लांबलचक. म्हैस हरवली तरी त्यांचा फोन, बांधावरून दोन भाऊ भांडले तरी फोन. मला ते 'म्याडम' म्हणायचे, मी त्यांना 'काका'. त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टींतल्या तीन पोकळ निघायच्या. म्हणून मी त्यांच्यापुढं खालचं अक्षर लिहिलं होतं. नेहमी भरवशाचा नाही, असा त्याचा अर्थ.

ऊसतोड जोरात होती तेव्हाची ही गोष्ट. जिल्हाभर एक व्हिडिओ फिरत होता. कुणीतरी एका पोराला पोत्यात घालून नेतंय आणि मागून एक बाई ओरडतेय. खाली लिहिलेलं, की अशी टोळी आपल्या भागात उतरली आहे. मी तो व्हिडिओ तपासला. जुना होता, आपल्या देशातलाही नव्हता. त्याच रविवारी आईनं मला तोच पाठवला. मी फोन करून सांगितलं, "आई, हे खोटं आहे. कुणाला पुढं पाठवू नकोस."

"खोटं असंना का," आई म्हणाली. "जपून ऱ्हायलेलं काय वाईट हाय? आमच्या गल्लीत तर अनोळखी माणसाला आता कुणी पाणी बी देईना."

मी ऐकलं आणि फोन ठेवला.

सोमवारी पाटलांचा फोन आला. "म्याडम, गावात माणसं लई बिथरल्यात. शाळेच्या वाटंवर पोरं पाळीनं काठ्या घिऊन बसाय लागल्यात. हे काय बरं दिसंना मला."

"काका, तो व्हिडिओ खोटा आहे. गावात सांगा तसं."

"मी सांगतोय की. ऐकतंय कोण? तुमी वर कळवा."

मी कळवलं. माणसापुढं नेहमीचं अक्षर, माहितीपुढं तळाचा आकडा, कारण टोळी नव्हतीच. शेवटच्या ओळीत लिहिलं, शक्यता कमी. सरांनी पान वाचलं आणि लाल पेनची टोपी न काढताच परत दिलं. मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं आणि त्याची लाज वाटते.

गुरुवारी सकाळच्या तासानंतर मी पेटीतून फोन काढला. सात मिसकॉल. सगळे पाटलांचे.

मी जिन्यात जाऊन लावला. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला. मागं माणसांचा गलका.

"म्याडम, तिघं चादरी विकणारी हाईत. परमुलखातली. देवळापाशी धरल्यात. मी आधार कार्डं बघितली सगळ्यांची, खरी माणसं हाईत. कुणी ऐकंना. पोलीस ठाण्याला फोन केला, म्हंत्यात गाडी न्हाय. काय तरी करा!"

तेवढ्यात कुणीतरी त्यांना ओढलं असावं. फोन बंद झाला.

मी वर धावत गेले. सर खिडकीपाशी चहा पीत होते. मी काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही, पण त्यांचं उत्तर शब्दन् शब्द आठवतं. "वरच्या टेबलाला कळवा. आपण थेट ठाण्याशी बोलत नाही."

आमचे अहवाल ज्यांच्याकडं जायचे, ते वरच्या टेबलावरचे साहेब बैठकीत होते. त्यांच्या माणसानं कागद पुढं सरकवला. "लिहून ठेवा, आले की देतो." मी लिहिलं. माझं अक्षर मलाच वाचता येईना. परत जिन्यात आले आणि ठाण्याचा नंबर लावला. नियमात बसत नव्हतं.

"कोण बोलतंय?" पलीकडून हवालदार.

मी कोण हे मला सांगता येत नव्हतं. "एक नागरिक बोलतेय. गावात तिघांना मारहाण होतेय."

"तुमी गावात हाय का?"

"नाही, कोल्हापुरात."

"मग तुमाला कसं कळलं?"

मी म्हणाले, "माझे काका आहेत तिथं."

"एक गाडी मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गेलीया. दुसरी ईल तशी पाठवतो. नाव सांगा तुमचं."

मी फोन ठेवला. पुन्हा पाटलांना लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. भिंतीला टेकून मी मोठ्यानं म्हणत होते, "उचला, काका, उचला की." वर्गातले दोघे दारात येऊन उभे राहिले आणि माझ्याकडं बघत राहिले. मग सर बाहेर आले. रिकामा कप हातात होता. थोडा वेळ ते नुसतेच उभे होते आणि मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. शेवटी त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि जुन्या ओळखीच्या कुणाशी तरी ते बोलले. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. हेच त्यांनी आधी केलं असतं तर, हे मी आजवर त्यांना विचारलेलं नाही.

"गाडी निघतेय," ते म्हणाले. मी तोवर स्कूटीची किल्ली काढली होती. त्यांनी मला थांबवलं नाही.

त्या रस्त्यानं मी अनेकदा गेले आहे. त्या दिवशी बिद्रीच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यातला एक आडवा झालेला. मी हॉर्न दाबून धरला. एक चालक खाली वाकून म्हणाला, "ताई, उडून जाऊ का काय आमी?" मी रडत होते. ते त्याला दिसलं असावं, कारण त्यानं खाली उतरून पुढच्याला हात केला आणि कडेनं मला वाट काढून दिली.

मी पोचले तेव्हा पोलीस आले होते. गर्दी पांगली होती. देवळापासून दूध संस्थेपर्यंत रस्त्यात चादरी पडल्या होत्या, लाल, निळ्या, फुलाफुलांच्या. काहींवर चपलांचे ठसे. एक बाई घराच्या उंबऱ्याशी पडलेली चादर पायानं आत ओढत होती. मी बघितलं तशी ती थांबली.

दूध संस्थेच्या पायरीवर एक म्हातारा माणूस बसला होता. शर्ट फाटलेला, कपाळावर रक्त वाळलेलं. डावा हात त्यानं उजव्या हातानं पोटाशी धरला होता. मी पाटलांना कधी पाहिलं नव्हतं. तो माणूस पोलिसांना सांगत होता, "दोघं आत हाईत, मीच कोंडल्यात. दाराला मी उभा ऱ्हायलो. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला न्हाय आत ओढता आलं मला. हाताला आलं न्हाय ते." आवाजावरून ओळखलं.

मी जवळ गेले. "काका, मी. फोनवरची."

त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. मला वाटलं शिव्या घालतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"फोन उचलायचा हुता की, पोरी," ते म्हणाले.

तिघांतला थोरला, साठीचा चादरवाला, तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात वारला. तोवर मी रोज तिथं जाऊन बाकावर बसत होते. त्याचा पुतण्या जाळीच्या दाराशी उभा असायचा, डोक्याला पट्टी. एकदा त्यानं मला विचारलं, "आप किसके साथ हैं?" मी म्हणाले, "किसी के साथ नहीं." त्याला वाटलं माझंही कुणी आत असेल आणि मला ते सांगवत नसेल. त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. मी ते प्यायले.

पाटलांच्या हाताला प्लॅस्टर घालत होते तेव्हाही मी तिथं होते. त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडं माज्याबद्दल काय लिवल्यालं असतंय?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. मी जरा जास्तच बोलतो."

पुढच्या आठवड्यात माझं पान वर्गात पडद्यावर आलं. वर माझं नाव खोडलेलं, पण सगळ्यांना माहीत होतं. सरांनी विचारलं, "यात चूक दाखवा." कुणालाच सापडली नाही. अक्षर नियमाप्रमाणं, आकडा नियमाप्रमाणं. सर म्हणाले, "अहवालात दोष नाही." मी उठून उभी राहिले. "दोष आहे, सर. टोळी खरी आहे का, एवढंच मी तपासलं. माणसांची भीती खरी होती. तीच माहिती होती. पाटील तेच सांगत होते, माझी आईपण तेच सांगत होती. मी त्याला आकडाच दिला नाही." सरांनी पडदा बंद केला आणि त्या दिवसाचा तास घेतलाच नाही.

मला शिक्षा झाली नाही. थेट ठाण्याला फोन केल्याबद्दल साधी समजही मिळाली नाही, कारण तो फोन कुणा नागरिकाचा म्हणून नोंदला गेला होता. शेवटी मी चांगल्या शेऱ्यानिशी उत्तीर्ण झाले. नोकरी सोडायची म्हणून तीनदा अर्ज लिहिला. तिन्हीदा फाडला. सोडून जाऊन माझी सुटका झाली असती, दुसऱ्या कुणाची झाली नसती. मी अजून तेच काम करते. चांगलं करते की नाही, सांगता येत नाही. सकाळी पहिला फोन वाजला की हातातलं टाकून आधी तो उचलते.

उन्हाळ्यात मी एकदा त्या गावी गेले. पाटलांनी पद सोडलं होतं. मारणाऱ्यांत कोण कोण होते, ती नावं त्यांनी कोर्टात घेतली होती. त्यातली निम्मी भावकीतली. गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं. चहा झाल्यावर सुनेनं दुधाचं कॅन भरून आणलं. पाटील उठले.

"संस्था तर इथंच आहे की, काका," मी म्हणाले.

"इथं घालत न्हाय आमी आता. पल्याडच्या गावात घालतो." डावा हात कोपरात सरळ होत नव्हता, म्हणून ते कॅन एकाच हातानं उचलत होते आणि दर पन्नास पावलांवर टेकवत होते. मी स्कूटीवर नेते म्हटलं. ते नको म्हणाले, दूध घुसळतं. मग मी कॅनच्या कडीला दुसऱ्या बाजूनं हात घातला. तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या खोडव्यामधून पायवाट जात होती. समोरून एक जण सायकलवर आला. आम्हाला बघून त्यानं मान दुसरीकडं वळवली आणि पुढं गेला.

"माजा चुलतभाऊ हाय त्यो," पाटील म्हणाले, आणि कॅन पुन्हा उचललं.