जल्लादाची शिफारस

दोन हजार सालच्या आसपास वर्धेत राहिलेला आणि तरीही त्या जाडजूड इंग्रजी कादंबरीबद्दल काहीच न ऐकलेला माणूस एकतर बहिरा असला पाहिजे, नाहीतर वर्धेचा नसला पाहिजे. ही सगळी करणी आमच्या शेजारच्या ग्रेडरकाकांची. कापसाचा पुंजका हातात घेऊन, धागा ताणून त्याची प्रत ठरवणं ही त्यांची नोकरी, आणि भेटेल त्याला ती कादंबरी वाचायला सांगणं हा त्यांचा धर्म. नागपूर स्टेशनवर गाडी चुकली म्हणून त्यांनी ते सातशे पानी प्रकरण विकत घेतलं होतं. त्यात राजे होते, तलवारी होत्या, जादूटोणा होता, फक्त सज्जन माणूस औषधालासुद्धा नव्हता. काका शिफारस करायचे तीही नेमकी त्याच मुद्द्यावर. "एकही माणूस धड नाई पाहा यात. अवश्य वाचजा!"

एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरीला सांगितलं, "बेटा, यातली राणी नवऱ्याले विष देते, पण मनानं लय चांगली आहे." नवरदेवाचा घास हातातच राहिला. सेवाग्रामला दात काढायला गेले तेव्हा तोंडात चिमटा असताना त्यांनी डॉक्टरला कथानकातली दोन मुंडकी हातवारे करून उडवून दाखवली. एकदा देवळीला निघाले आणि एसटीच्या कंडक्टरला गोष्ट सांगत सुटले. देवळी आली नि गेली, "मंग जल्लादानं काय केलं?" असं विचारत कंडक्टरने त्यांना तसंच पुलगावपर्यंत नेलं. कोणी म्हणालंच, की एवढी वाईट माणसं कशाला वाचायची, तर ते म्हणायचे, "काऊन जी? कापसात थोडी किडक्या बोंडाची पिवळी कवडी निंघालीच, तं काय आपण सारा कापूस जाळून राह्यलो का?"

हे पुस्तक त्यांनी माझ्या बाबांना द्यावं, हा मात्र कळस होता. बाबा इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. अंगात खादी, आणि जगात दोनच प्रकारची माणसं, खरं बोलणारी आणि खोटं बोलणारी. माझी ताई मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगून गेली आणि नोंदणी पद्धतीने लग्न करून आष्टीला संसाराला लागली. "लग्नाचं मला काही नाही," बाबा म्हणायचे, "पण ती माझ्याशी खोटं बोलली." या एका वाक्यावर दोन वर्षं गेली. तिची पत्रं न फोडता कपाटात जात होती. आई मात्र पोळ्या चौघांच्याच करायची.

"सर, इंग्रजी जड आहे, जरा पाहून द्या," एवढंच म्हणून काका पुस्तक ठेवून गेले. बाबांनी सवयीने लाल पेन काढला आणि पात्रांना आचरणाचे गुण द्यायला सुरुवात केली. पहिल्या शंभर पानांत झाडून सगळे नापास. राणीला शून्य. जल्लादाला तर समासात शेरा होता : "पालकांस भेटावयास सांगणे." आम्ही हसलो, पण बाबा रोज दुपारी नेमाने वाचत राहिले. पाचव्या आठवड्यात काका आले, पानं चाळू लागले आणि एका जागी थांबले.

"सर, इथं हा जल्लाद राजाच्या तोंडावर खोटं बोलून राह्यला, अन् तुमी त्याले पास केलं?"

"एका पोरीचा जीव वाचवायला बोलला तो," बाबा जरा घुश्शातच म्हणाले. "परिस्थिती पाहावी लागते."

"परिस्थिती का फक्त पुस्तकातच असते जी?"

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. काका चहा न पिताच गेले. असं आयुष्यात त्यांनी कधी केलं नव्हतं.

त्या दिवशी बाबांनी कपाटातली पत्रं काढली आणि पहिल्यापासून क्रमाने वाचली. रविवारी आम्ही तिघं आष्टीच्या गाडीत बसलो. ताईने दार उघडलं. "बाबा, मी तेव्हा खोटं..." बाबा म्हणाले, "मला खरं सांगायची तुला भीती वाटली, ती चूक माझी." मग दोघंही दारातच रडले. आई तेवढी त्यांच्यामधून वाट काढत सरळ आत गेली आणि चहाचं भांडं शोधू लागली.

पुढे काकांची बदली झाली. आता तिकडच्या गावाला ते कोणाच्या मागे लागले असतील कोण जाणे. आम्ही त्यांचे आभार मानले नाहीत, ते राहूनच गेलं. आणि खरं सांगायचं तर कादंबरी मीही अजून वाचलेली नाही. पण दिवाळीला ताईची मुलं अंगणात धिंगाणा घालतात, बाबा त्यांच्यावर ओरडतात, आणि मला त्या माणसाची फार आठवण येते.